जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलायचा? आधी मदरबोर्डचे नाव वाचा

पीपलरावां (जि. देवास, मध्य प्रदेश) : ‘सीपीयू फार स्लो झालाय, नवीन टाकून द्या.’ सोनकच्छ तहसिलीतले पीपलरावां असो, बेळगाव जिल्ह्यातले निपाणी असो की सांगलीकडचे जत, संगणक दुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य नेहमीचे आहे. बोलणारा टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणत असतो. दुकानदार त्याच शब्दाचा अर्थ प्रोसेसर असा घेतो. डबा म्हणजे कॅबिनेट. प्रोसेसर म्हणजे त्या डब्यातल्या मदरबोर्डवर, पंख्याखाली बसलेली काडेपेटीपेक्षाही लहान चौकोनी चकती. खरा सीपीयू तीच. ती बदलता येते, पण कोणत्याही मदरबोर्डवर कोणताही प्रोसेसर चालत नाही. ही एक गोष्ट ठाऊक नसल्याने अनेकांचे पैसे वाया जातात.

हा प्रश्न आता जास्त विचारला जातो आहे, त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केल्या. मध्य प्रदेशात एमपी ऑनलाइनचे कियोस्क, महाराष्ट्रात आपले सरकार सेवा केंद्र, सगळीकडे सीएससी. या केंद्रांत आधार क्रमांक, बँक खाते, अंगठ्याचे ठसे अशी लोकांची माहिती रोज हाताळली जाते. तिथला संगणक दुरुस्त्या न मिळणाऱ्या प्रणालीवर ठेवणे धोक्याचे. त्यामुळे ‘प्रोसेसर बदलला तर विंडोज ११ चालेल का?’ हा प्रश्न आता पोटापाण्याचा झाला आहे. उत्तर काही संगणकांसाठी ‘हो’ आणि बहुतेक जुन्या संगणकांसाठी ‘नाही’ असे आहे. आपला संगणक कोणत्या गटातला, हे एक रुपयाही खर्च न करता कळू शकते.

आधी दुखणे ओळखावे

संगणक हळू चालतो याचा अर्थ प्रोसेसरच कमजोर आहे असे नाही. काम नेहमीसारखे सुरू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातल्या ‘परफॉर्मन्स’ भागात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे तीन आकडे दिसतात. संगणक अडखळतो त्या क्षणी कोणता आकडा शंभराला टेकतो, ते पाहावे.

डिस्क १०० टक्के आणि सीपीयू २०-३० टक्के असेल, तर दोष हार्ड डिस्कचा. फिरत्या हार्ड डिस्कची तबकडी सहसा मिनिटाला ७,२०० फेरे घेते. हवी ती माहिती सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे चार मिलिसेकंद जातात. शिवाय सुई सरकण्याचा वेळ वेगळा. एसएसडीमध्ये फिरणारे काही नसल्याने हा वेळ जवळजवळ उरतच नाही. अशा संगणकात प्रोसेसर कितीही भारी टाकला तरी तो डिस्कची वाट पाहतच बसणार.

मेमरी ९० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर रॅम कमी पडते आहे. ४ जीबी रॅमवर ब्राउझरच्या दहा खिडक्या, टॅली आणि प्रिंटर असे सगळे चालवले की विंडोज उरलेले काम डिस्कवर ढकलते आणि डिस्कही दमते. रॅम वाढवण्यापूर्वी विंडोज ३२ बिट आहे की ६४ बिट, तेही पाहावे. नेहमीचे ३२ बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही.

सीपीयूचा आकडा सतत ९०-१०० टक्के आणि बाकीचे दोन मोकळे असतील, तरच प्रोसेसर हे खरे दुखणे. तेव्हाही एकदा व्हायरस तपासणी करावी आणि पंखा धुळीने कोंडलेला नाही ना, ते बघावे. फार तापलेला प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. माळव्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. धूळ खाल्लेल्या पंख्याचा संगणक तेव्हा हमखास मंदावतो. ब्रश फिरवून आणि नवी थर्मल पेस्ट लावून काम झाले, तर खर्च तिथेच संपला.

मदरबोर्डचे नाव कुठे मिळते

स्टार्ट मेनूत ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ शोधून उघडावे. तिथे ‘प्रोसेसर’, ‘बेसबोर्ड मॅन्युफॅक्चरर’, ‘बेसबोर्ड प्रॉडक्ट’, ‘बायोस व्हर्शन/डेट’ आणि ‘बायोस मोड’ अशा ओळी असतात. पाचही वहीत उतरवून घ्याव्यात, नाहीतर मोबाइलवर फोटो काढावा. संगणक सुरूच होत नसेल तर डबा उघडावा. मदरबोर्डवर कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मोठ्या अक्षरांत छापलेले असते, आणि बहुतेकदा कडेला आवृत्तीचा क्रमांकही असतो. त्याच मॉडेलच्या दोन आवृत्त्यांचे बायोस वेगळे असू शकतात, म्हणून तो क्रमांकही लिहून घ्यावा.

हे नाव मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर टाकले की ‘सीपीयू सपोर्ट’ नावाची यादी मिळते. कोणता प्रोसेसर चालेल आणि त्यासाठी बायोसची किमान कोणती आवृत्ती लागेल, हे त्यात लिहिलेले असते. दुकानदाराचा अनुभव मोलाचा असतो, पण खरेदी ठरवताना शेवटचा शब्द या यादीचा. यादीत नाव नाही, तर तो प्रोसेसर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. ब्रँडेड डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डऐवजी संगणकाच्या मॉडेलचे नाव शोधावे.

सॉकेट आणि पिढी

प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो तिला सॉकेट म्हणतात. इंटेलच्या सॉकेटच्या नावातला आकडा त्यातल्या जोडटोकांची संख्या सांगतो. एलजीए ११५५ म्हणजे ११५५ टोके. आकडा वेगळा असेल तर प्रोसेसर बसणारच नाही. दुकाने, शाळा आणि घरांत आज दिसणारे प्रमुख सॉकेट असे :

• एलजीए ७७५ (२००४ पासून) : पेंटियम ४, पेंटियम डी, कोअर २ ड्युओ, कोअर २ क्वाड.
• एलजीए ११५६ (२००९) : आय-३, आय-५, आय-७ ची पहिली पिढी.
• एलजीए ११५५ (२०११-१२) : दुसरी आणि तिसरी पिढी. एच-६१ चिपसेटचे मदरबोर्ड याच गटातले.
• एलजीए ११५० (२०१३-१४) : मुख्यतः चौथी पिढी. एच-८१, बी-८५ हे चिपसेट.
• एलजीए ११५१ (२०१५ पासून) : सहावी ते नववी पिढी, मात्र दोन वेगवेगळ्या गटांत. खुलासा पुढे.
• एलजीए १२०० (२०२०-२१) : दहावी आणि अकरावी पिढी.
• एलजीए १७०० (२०२१ पासून) : बारावी ते चौदावी पिढी.
• एएमडीचा एएम-४ : रायझेन १००० ते ५००० मालिका. रायझेन या सॉकेटवर मार्च २०१७ मध्ये आला.

इंटेल कोअरची पिढी क्रमांकावरून कळते. आय-५ ३४७० मध्ये पहिला आकडा ३, म्हणून तिसरी पिढी. आय-५ १०४०० मध्ये पहिले दोन आकडे १०, म्हणून दहावी. आय-५ ६५० असा तीनच आकड्यांचा क्रमांक असेल तर ती पहिली पिढी. ‘आय-७ आहे म्हणजे भारीच असणार’ या समजुतीवर जाऊ नये. दुसऱ्या पिढीचा आय-७ हा २०११ चा प्रोसेसर आहे. नवीन पिढीचा आय-३ अनेक कामांत त्याच्या पुढे जातो.

दिसायला एकच, कारभार वेगळा

सर्वाधिक फसगत एलजीए ११५१ मध्ये होते. सहावी आणि सातवी पिढी १०० आणि २०० मालिकेच्या चिपसेटवर चालते, उदाहरणार्थ एच-११०. आठवी आणि नववी पिढी ३०० मालिकेवर चालते, उदाहरणार्थ एच-३१०. सॉकेटचे माप तेच, टोके तेवढीच, पण वीज पोचवणाऱ्या टोकांची मांडणी बदललेली आहे. त्यामुळे एच-११० वर आय-५ ८४०० ठेवला तर तो व्यवस्थित बसतो, कुलूपही लागते, फक्त संगणक सुरू होत नाही.

देवासकरांना हे समजवायला फार शब्द लागणार नाहीत. संस्थानी काळात पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती एकाच गावात शेजारी शेजारी नांदत होत्या. गाव एकच, कारभार दोन. एलजीए ११५१ चेही तसेच आहे. म्हणून ‘माझ्याकडे ११५१ आहे’ एवढे सांगून प्रोसेसर मागू नये. चिपसेटचे नावही सांगावे.

असेच दोन बारीक अपवाद आणखी आहेत. एलजीए ११५५ मधले क्यू-६५, क्यू-६७ आणि बी-६५ हे चिपसेट कार्यालयांसाठीच्या संगणकांत वापरले गेले. इंटेलने त्यांना तिसऱ्या पिढीचा अधिकृत आधार दिला नाही. कंपन्यांच्या लिलावातून आलेले जुने डेस्कटॉप घेतलेल्यांनी हे आधी तपासावे. दुसरे, एलजीए १२०० मधला एच-४१० हा चिपसेट साधारणपणे दहाव्या पिढीवरच थांबतो. अकराव्या पिढीसाठी एच-५१० सारखा चिपसेट लागतो.

विंडोज ११ ची रेघ

विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या अटी अशा : ६४ बिट प्रोसेसर आणि तो त्यांच्या यादीतला हवा, ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, सिक्युअर बूट शक्य असलेला यूईएफआय बायोस आणि टीपीएम २.०. इंटेलमध्ये ही यादी, मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. एएमडीमध्ये रायझेन २००० मालिकेपासूनचे बहुतेक प्रोसेसर तीत आहेत.

आता वरची सॉकेटची यादी आणि ही रेघ एकमेकांशेजारी ठेवून पाहावी. दुसऱ्या ते सातव्या पिढीचा इंटेल संगणक असेल, तर त्या मदरबोर्डवर बसणारा सर्वात भारी प्रोसेसरसुद्धा रेघेच्या अलीकडेच राहतो. आठवी पिढी हवी तर मदरबोर्डच बदलावा लागतो. म्हणजे अशा संगणकात ‘विंडोज ११ साठी’ म्हणून प्रोसेसर बदलणे व्यर्थ. वेग वाढेल, पात्रता मिळणार नाही.

एएम-४ वाल्यांचे नशीब चांगले. समजा, २०१७-१८ मध्ये ए-३२० मदरबोर्ड आणि रायझेन ३ १२०० घेतलेला आहे. १२०० यादीत नाही. पण मदरबोर्ड कंपनीने नवा बायोस दिला असेल, तर त्याच बोर्डवर रायझेन ५ ५६००जी बसू शकतो. १२०० मध्ये चार कोअर आणि चार थ्रेड आहेत, ५६००जी मध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड. उष्णतेची मर्यादा दोघांचीही ६५ वॅट. ३०० मालिकेच्या बोर्डांवर रायझेन ५००० चालवण्याची मोकळीक एएमडीने २०२२ मध्ये दिली. प्रोसेसर बदलून संगणकाचे आयुष्य खरोखर वाढते असे हे ठळक उदाहरण. टीपीएमची सोय अशा बोर्डांवर बायोसमध्ये असते आणि ती बहुधा हाताने चालू करावी लागते.

अट डावलून विंडोज ११ बसवून देणारे कारागीर सगळीकडे आहेत. अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. कोअर २ ड्युओ आणि क्वाडवर तर ही वाटही बंद झाली आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला लागणाऱ्या काही सूचना त्या प्रोसेसरमध्ये मुळातच नाहीत, त्यामुळे ती सुरूच होत नाही.

लिनक्सचा पर्याय फुकट आणि सुरक्षित आहे. शिकणारी मुले, पत्रव्यवहार, इंटरनेट यांसाठी जुन्या संगणकावर तो उत्तम चालतो. कियोस्कवाल्याने मात्र आधी आपल्या अंगठ्याच्या यंत्राची चौकशी करावी. त्याचे आरडी सर्व्हिस सॉफ्टवेअर बहुधा विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच मिळते.

बायोस : जुना प्रोसेसर काढण्याच्या आधी

नव्या प्रोसेसरची ओळख मदरबोर्डला बायोस करून देतो. एच-६१ बोर्ड दुसऱ्या पिढीच्या काळात निघाले. त्यातल्या अनेकांवर तिसरी पिढी चालते, पण नवा बायोस घातल्यावर. हा बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच घालायचा असतो. आधी प्रोसेसर काढला, नवा बसवला आणि मग बायोस आठवला, तर पडदा काळाच राहतो आणि सगळे उलटे करावे लागते.

बायोस फक्त मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावरून, मॉडेल आणि आवृत्ती जुळवून घ्यावा. फाइल पेनड्राइव्हवर टाकून बायोसमधल्याच सोयीने ती चढवता येते. मधे वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून चालू स्थितीतल्या यूपीएसशिवाय हे काम करू नये. वीज जाण्याच्या ठरलेल्या वेळाही टाळाव्यात. काही एएम-४ बोर्डांवर नवा बायोस घातला की सर्वात जुन्या प्रोसेसरचा आधार निघून जातो. कंपनीने त्या आवृत्तीखाली लिहिलेली सूचना शेवटपर्यंत वाचावी.

घेताना पाहायच्या गोष्टी

पहिली गोष्ट चित्राची. दुकानातल्या बहुतेक डेस्कटॉपला वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते, पडद्यावरचे चित्र प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समधून येते. इंटेलच्या क्रमांकाच्या शेवटी ‘एफ’ असेल, जसे आय-५ ९४००एफ, तर त्यात ही सोय नसते. एएम-४ वरच्या रायझेनमध्ये शेवटी ‘जी’ असेल तरच ती सहसा असते. रायझेन ५ ५५०० मध्ये नाही, ५६००जी मध्ये आहे. हे अक्षर न पाहता घेतले तर संगणक चालू होईल, पण पडदा काळाच राहील.

दुसरी गोष्ट विजेची. आय-५ २४०० ची उष्णता मर्यादा ९५ वॅट, तर पुढच्या पिढीतल्या आय-५ ३४७० ची ७७ वॅट. दोन्ही चार कोअरचे, सॉकेट एकच. किंमत जवळपास सारखी असेल आणि बोर्ड चालवत असेल, तर ३४७० घेणे शहाणपणाचे. नवा प्रोसेसर जुन्यापेक्षा जास्त वॅटचा असेल तर जुना हीटसिंक आणि एसएमपीएस पुरेल का, हेही विचारावे. दहा वर्षे चाललेल्या स्वस्त एसएमपीएसवर ‘४५० वॅट’ छापले आहे, एवढ्यावर विसंबू नये.

तिसरी गोष्ट वापरलेल्या मालाची. सातव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर आता बहुतेक वापरलेलेच मिळतात. इंदूरचा सिल्व्हर मॉल, पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे चौकशी करता येते. प्रोसेसर हा सहजासहजी न बिघडणारा भाग आहे, त्यामुळे वापरलेला घेण्यात गैर काही नाही. मात्र तो दुकानातच लावून, पडद्यावर नाव दिसल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एएम-४ चा असेल तर पिना वाकलेल्या नाहीत ना, ते उजेडात तिरका धरून पाहावे. पाठीवर ‘इंटेल कॉन्फिडेन्शिअल’ असे छापले असेल तर तो चाचणीसाठी बनवलेला नमुना असतो, विक्रीसाठी नव्हे. तो घेऊ नये. परत घेण्याची मुदत बिलावर लिहून घ्यावी. पीपलरावांहून देवास-इंदूरची दुसरी फेरी पडली तर जाण्यायेण्याचा खर्च आणि बंद दुकानाचा दिवस दोन्ही खिशातून जातात.

बदलण्याची रीत

१. सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. टॅलीचा बॅकअप वेगळा घ्यावा.

२. एएमडीचा संगणक असेल तर आधी दहा मिनिटे चालवावा, म्हणजे सुकलेली पेस्ट मऊ होते. मग बंद करून वायर काढावी आणि पॉवरचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी.

३. डबा टेबलावर आडवा ठेवावा. सतरंजीवर किंवा नायलॉनचे कपडे घालून काम करू नये. दर थोड्या वेळाने कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

४. पंख्याची वायर काढावी. इंटेलच्या मूळ हीटसिंकला चार खुंट्या असतात. त्या बाणाच्या दिशेने पाव वळण फिरवून वर ओढाव्यात. एएमडीचा हीटसिंक सरळ वर ओढू नये. डावी-उजवीकडे हळू फिरवून सैल करावा, नाहीतर प्रोसेसर त्याला चिकटून पिनांसकट उपटून येतो.

५. सॉकेटची दांडी दाबून, जरा बाहेर सरकवून वर उचलावी. प्रोसेसर कडांना धरून सरळ वर घ्यावा. इंटेलमध्ये नाजूक पिना सॉकेटमध्ये असतात, एएम-४ मध्ये त्या प्रोसेसरला असतात. पिनांना बोट लागू देऊ नये.

६. नव्या प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेशी जुळवावा. प्रोसेसर आपल्या वजनाने जागेवर बसला पाहिजे. जोर लावायचा तो फक्त दांडीवर, प्रोसेसरवर नाही.

७. हीटसिंकची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसावी. प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवावी. ती बोटाने पसरू नये, हीटसिंकच्या दाबाने पसरते.

८. इंटेलच्या खुंट्या मूळ स्थितीत आणून तिरप्या जोडीने दाबाव्यात. प्रत्येक वेळी ‘टक्’ असा आवाज यायला हवा. चारपैकी एक जरी सैल राहिली तर प्रोसेसर तापतो. पंख्याची वायर परत जोडायला विसरू नये.

९. डबा उघडाच ठेवून संगणक चालू करावा आणि थेट बायोसमध्ये जावे. तिथे नव्या प्रोसेसरचे नाव आणि तापमान दिसते. नाव बरोबर आणि तापमान स्थिर असेल, तरच विंडोज सुरू करावे.

पहिले दोन दिवस तापमानावर लक्ष ठेवावे. साध्या कामातही ते सतत ८० अंशांच्या वर राहत असेल, तर हीटसिंक नीट बसलेला नाही असे समजावे. फक्त प्रोसेसर बदलल्याने विंडोजचा परवाना सहसा जात नाही. मदरबोर्ड बदलला तर तो पुन्हा चालू करावा लागू शकतो.

पडदा काळाच राहिला तर घाबरू नये. मदरबोर्डला जाणारी चार पिनांची १२ व्होल्टची वायर बसली आहे का, रॅम हलली आहे का, ते आधी पाहावे. मग वायर काढून बोर्डवरचा नाण्यासारखा सेल पाच मिनिटे बाहेर ठेवावा. बायोसच्या जुन्या नोंदी पुसल्या जातात. तरीही काही नाही, तर जुना प्रोसेसर परत बसवावा. तो चालला तर बोर्ड शाबूत आहे आणि अडचण जुळणीची किंवा बायोसची आहे. म्हणून नवा नीट चालेपर्यंत जुना प्रोसेसर विकू नये, कोणाला देऊही नये.

हिशेब

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. कियोस्कवर एच-६१ बोर्ड, पेंटियम जी-६२०, ४ जीबी डीडीआर-३ रॅम आणि फिरती हार्ड डिस्क आहे. जी-६२० मध्ये दोनच कोअर. यादीनुसार आय-५ ३४७० चालतो. खर्चाचे तीन मार्ग आहेत : एसएसडी आणि रॅम घालणे, त्यावर प्रोसेसरही बदलणे, किंवा आठव्या पिढीच्या पुढचा वापरलेला अथवा नवा संगणक घेणे. तिन्हींचे भाव एकाच दिवशी, एकाच कागदावर घ्यावेत.

मग प्रत्येक वस्तूपुढे एक प्रश्न लिहावा : पुढच्या संगणकात ही नेता येईल का? साटा एसएसडी नेता येते. डीडीआर-३ रॅम आणि एलजीए ११५५ चा प्रोसेसर नव्या बोर्डवर चालत नाहीत, तो पैसा याच डब्यात राहणार. म्हणून या उदाहरणात पहिला खर्च एसएसडीचा. रॅम गरज असेल तरच. प्रोसेसरवर तेव्हाच, जेव्हा टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूचा आकडाच अडतो आहे आणि हा संगणक ऑनलाइन सरकारी कामाऐवजी टायपिंग, झेरॉक्स-प्रिंट किंवा मुलांच्या अभ्यासासाठी ठेवायचा आहे. सरकारी पोर्टलच्या कामासाठी विंडोज ११ ला पात्र संगणकाची तजवीज वेगळी करावी. एएम-४ असेल तर हेच गणित उलटते. तिथे प्रोसेसरवर केलेला खर्च पुढची काही वर्षे कामी येतो.

विजेचाही विचार करता येतो. बदलामुळे सरासरी ४० वॅट जास्त लागले आणि दुकान दिवसाला १० तास, वर्षाला ३०० दिवस चालले, तर १२० युनिट वाढतात. युनिटला ८ रुपये धरले तर ९६० रुपये. स्वस्त मिळालेल्या जुन्या भारी प्रोसेसरची किंमत दोन-तीन वर्षांत अशी चढत जाते.

वहीतली किंमत आणि कामाची किंमत यांत गल्लत करू नये. आयकरात संगणकावर घटत्या किमतीवर ४० टक्के घसारा धरतात. त्या दराने ४०,००० रुपयांचा संगणक पाच वर्षांनी वहीत सुमारे ३,११० रुपयांचा उरतो. म्हणून तो भंगार होत नाही. तसेच त्याच्यावर पूर्वी ४०,००० घातले होते, एवढ्यासाठी आज आणखी पैसे घालणेही बरोबर नाही. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी पक्के बिल घ्यावे, प्रोसेसरवरचा १८ टक्के कर नियमाप्रमाणे वळता करता येतो.

जुन्या भागांचे काय करावे

काढलेला प्रोसेसर, बोर्ड आणि डिस्क घंटागाडीत टाकू नयेत. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडे जावा, अशी त्यांत तरतूद आहे. भंगारवाल्याला विकलेल्या हार्ड डिस्कमध्ये ग्राहकांच्या आधारच्या प्रती, पासबुकांचे स्कॅन तसेच राहतात. नुसते ‘फॉरमॅट मारल्याने’ ते जात नाहीत. फिरती डिस्क पूर्ण पुसून घ्यावी, नाहीतर मोडूनच टाकावी.

बाजारात जाताना एक कागद जवळ असला की पुरे. त्यावर मदरबोर्डचे नाव आणि आवृत्ती, चिपसेट, आताचा प्रोसेसर, बायोसची तारीख, रॅमचा प्रकार आणि टास्क मॅनेजरमध्ये शंभराला टेकलेला आकडा, एवढ्या सहा नोंदी हव्यात. हा कागद काउंटरवर ठेवला की बोलणे ‘सीपीयू स्लो झालाय’ इथे अडत नाही. दुकानदाराला नेमके कळते आणि घेणाऱ्याला कशाला नाही म्हणायचे, तेही कळते.